जर्मनीची अपॉइंटमेंट म्हणजे व्हिसा नव्हे

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल तरुण पाठवायची घोषणा झाली अन् आयटीआय झालेल्या पोरांच्या घरात जर्मनीचाच विषय सुरू झाला. पाठोपाठ एजंटही गावात आले. अपॉइंटमेंट मिळवून देतो म्हणत आगाऊ पैसे मागतात, आणि घरचे रान गहाण टाकायला निघतात.

अपॉइंटमेंट म्हणजे फक्त कागद दाखवायची तारीख. तिला वेगळे पैसे पडत नाहीत. नोकरीच्या व्हिसाची फी ७५ युरो, वर अर्ज केंद्राचा सेवाखर्च. तिथं बोटांचे ठसे घेतात, कागद तपासतात: कंपनीचा करार, शिक्षणाला तिकडची मान्यता, लागेल तिथं भाषेचं प्रमाणपत्र. व्हिसा द्यायचा की नाही ते वकिलात ठरवते, एजंट नाही. करारात पगार किती, काम कोणतं हे पोरालाच सांगता आलं नाही तर संशय येणारच.

'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग बघू' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्या व्हिसावर नोकरी करणं बेकायदा आहे.

परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्याला ३० हजार रुपये आणि जीएसटी, एवढंच घेता येतं. परवान्याचा नंबर मागा, ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, पावती घ्या.