तंबूत घबराट नको!

‘फोर पर्सन टेण्ट’ म्हणजे चार माणसं आरामात झोपतील असा तंबू नव्हे बरं का! चौघं एका कुशीवर झोपले, रात्रभर कुणी वळलं नाही आणि सगळ्यांनी बॅगा बाहेर ठेवल्या, तर ज्यात मावतील तो फोर पर्सन टेण्ट. हे दिव्य ज्ञान मला दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, पवना धरणाच्या काठावर, रात्री दीड वाजता प्राप्त झालं.

आम्ही होतो पाच जण. आई, बाबा, ताई, मी आणि ताईची मनू. मनू तेव्हा पाच वर्षांची, तिला काय मोजायचं असा माझा हिशोब. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तात मिळालेला, फोटोत जाम देखणा दिसणारा निळा तंबू. रिव्ह्यू वाचले? छे! रंग बघितला आणि ‘बाय नाऊ’ दाबलं.

रात्री वळीव आला. आधी वारा, मग विजा, मग टपोरे थेंब. दहाव्या मिनिटाला छतातून पाणी टपकायला लागलं, पंधराव्या मिनिटाला एक काठी कडकन मोडली. ताई मनूला पोटाशी धरून गाडीकडे पळाली, पाठोपाठ आई. मी चपला शोधत होते. आणि बाबा? बाबा गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी तंबू वर उचलून धरून बसले होते. आतलं सामान भिजू नये म्हणून. चांगला पाऊण तास. एक शब्द बोलले नाहीत. नंतर गाडीत टॉवेलने डोकं पुसताना एवढंच म्हणाले, ‘‘पैसे वाया गेले गं तुझे.’’

मला ते वाक्य अजून टोचतं. कारण आम्हा बहिणींना बाहेर झोपायची चटक लावली ती याच माणसाने. पोस्टातली नोकरी, चार दिवसांची रजा, एक ताडपत्री आणि सुतळीचं बंडल, एवढ्या भांडवलावर त्यांनी आम्हाला किती किल्ल्यांवर मुक्कामी नेलं होतं. पवन्यानंतर मात्र कुणी कॅम्पिंगचं नाव काढलं नाही. मग गेल्या दिवाळीनंतर बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं. पण बाबा घरात बसायला शिकले. ‘‘तुम्ही जाऊन या, मी आहे घरी,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य झालं.

म्हणून यंदा एप्रिलमध्ये मी ठरवलं, तंबू घ्यायचा. यावेळी डोकं वापरून. बजेट साडेसात हजार. फ्रीलान्सरचे साडेसात हजार म्हणजे तीन लेखांचे पैसे, तेही आले तर.

डोमच का?

डोम म्हणजे घुमट. दोन (मोठ्या तंबूत तीन) लवचीक काठ्या फुलीसारख्या एकमेकींवरून वाकवल्या की तंबू स्वतःच्या पायावर उभा राहतो. जागा आवडली नाही, तर मोकळा तंबू चक्क उचलून चार पावलं पलीकडे ठेवता येतो. वारा कुठल्याही बाजूने आला तरी गोलाईवरून बराचसा सरकून जातो. १९७५ साली ‘द नॉर्थ फेस’ने बकमिन्स्टर फुलरच्या जिओडेसिक घुमटाच्या कल्पनेवरून ‘ओव्हल इंटेन्शन’ नावाचा तंबू काढला. आपल्या फॅमिली डोममध्ये काठ्यांचं तेवढं जाळं नसतं, पण वाकवलेल्या काठीच्या ताणातून ताकद काढायची, हा फंडा तोच. फॅमिलीसाठी दुसरा ऑप्शन म्हणजे खोल्या-बिल्या असलेला केबिन टाइप तंबू. दिसतो झक्कास, पण त्याच्या उभ्या भिंती वारा अंगावर घेतात, वजन जास्त आणि किंमत माझ्या ऐपतीबाहेर.

आकडा कमी करा

पहिला नियम: कंपनीने लिहिलेल्या आकड्यातून एक वजा करा. सामान आत ठेवायचं असेल तर दोन. एका माणसाला साधारण ६० सेंटिमीटर रुंदी धरून कंपन्या हिशोब करतात. आपल्याकडची एखादी सतरंजीसुद्धा त्याहून रुंद असते!

मी वहीत चित्र काढलं. बाबांना जमिनीवरून उठणं अवघड, म्हणजे त्यांना फोल्डिंग खाट हवी, ७० सेंटिमीटर. आई, ताई आणि मी, तिघींचे मिळून १८०. मनू आता सात वर्षांची, तिचे ४५. एकूण २९५. म्हणजे तीन मीटर रुंदीचा ‘सिक्स पर्सन’ डोम. अगदी काठोकाठ, बॅगा गाडीत.

तीन-तीन माणसांचे दोन छोटे तंबू का नाही? तोही विचार केला. उभारायला सोपे, जागा कमी लागते, एक फाटला तर दुसरा असतो. मित्रमैत्रिणींबरोबर जाणार असाल तर तेच घ्या. पण आईने निकाल दिला, ‘‘झोपायचं तर सगळ्यांनी एका छपराखाली.’’ विषय संपला.

दुसरी गोष्ट उंची. मला आधी हा फालतू मुद्दा वाटायचा. सव्वा मीटर उंचीच्या तंबूत आपण रांगत शिरतो, मजा येते. पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला रांगायला सांगू शकत नाही. बाबांची उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे १७३ सेंटिमीटर. मी १८० च्या खालचे सगळे तंबू यादीतून काढले. आणि दार मोठं हवं, उंबरा अडखळण्याएवढा उंच नको. तंबूच्या जाहिरातीत मी आयुष्यात पहिल्यांदा उंबरा शोधत होते. आपले आईवडील म्हातारे होतायत हे आपल्याला असं कळतं बहुतेक, कुणी सांगत नाही.

गंमत म्हणजे डोम सगळ्यात उंच मधोमध असतो, कडेला उतरता. म्हणजे खाट कडेला लावली तर छत नाकाला लागणार. म्हणून बाबांची खाट मध्यभागी आणि बाकीची प्रजा दोन बाजूंना!

पाणी किती सोसतो?

तंबूच्या माहितीत १५००, २०००, ३००० एमएम असे आकडे दिसतात. ते कापडाची जाडी सांगत नाहीत. कापडावर पाण्याचा किती मिलिमीटर उंच स्तंभ उभा केला तर पाणी आत झिरपायला लागतं, त्याचा तो आकडा. वरच्या आवरणाला १५०० च्या आसपास असेल तर वळिवाची एखादी सर निभते. तळाला मात्र जास्त हवा, कारण तिथे आपलं वजन आणि गुडघे-कोपरांचा दाब पडतो. तळाचं कापड कडेने चार बोटं वर वळलेलं असावं, टबसारखं, म्हणजे वाहतं पाणी शिवणीतून आत येत नाही.

उन्हाळ्यासाठी सर्वांत महत्त्वाचं: तंबू दुहेरी हवा. आतला कप्पा जाळीचा, वर वेगळं पावसाचं आवरण आणि दोघांत हवेला जागा. माझा तो निळा तंबू एकेरी कापडाचा होता. अशा तंबूत पाच जणांच्या श्वासातली वाफ पहाटे छताला पाणी होऊन लटकते आणि मग पाऊस नसतानाही गळतं. पाऊस नसेल तेव्हा वरचं आवरण काढून ठेवा. जाळीतून वारा आणि चांदण्या दोन्ही फुकट.

काठ्या या बजेटमध्ये फायबरग्लासच्याच मिळतात. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या आणि चिवट, पण खिसा रिकामा करणाऱ्या. फायबरग्लास घेताना जाडी बघा, मोठ्या तंबूला बारीक काठी म्हणजे पवना पार्ट टू. सोबत एक छोटी धातूची नळी ठेवा. काठी मोडली तर नळी त्यावर सरकवून चिकटपट्टी गुंडाळायची, रात्र निघते. मोडलेल्या टोकाला उघडा हात लावू नका, बारीक कुसळं घुसतात.

आणि पाकिटातल्या तारेच्या खुंट्या विसरा. आपल्या मुरमाड जमिनीत त्या पहिल्याच ठोक्याला वाकतात. जाड लोखंडी खुंट्या वेगळ्या घ्या. त्या तिरप्या ठोकायच्या, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं. कातळ असेल तर दोरी मोठ्या दगडाला बांधायची. सगळ्या दोऱ्या ताणायच्या, ‘आज वारा नाहीये’ म्हणून सोडायच्या नाहीत.

गच्चीवरची परीक्षा

तंबू आला. थेट ट्रिपला न्यायचा नाही, हे मी शिकले होते. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर उभा केला. म्हणजे प्रयत्न केला. पंधरा मिनिटं मी आणि ताई काठ्यांशी कुस्ती खेळत होतो. बाबा कठड्याला टेकून बघत होते. शेवटी राहवलं नाही. ‘‘अगं, आधी चारही कोपऱ्यांना वजन ठेवा. मग काठी ढकला. ओढू नका, सांधे निसटतात.’’ दहा मिनिटांत घुमट उभा!

मग पाणी ओतायची वेळ. मे महिना, पुणे, टँकरचे दिवस. सेक्रेटरी काका धावत वर आले. ‘‘तंबूला आंघोळ घालताय?’’ त्यांना दाखवलं, दोन दिवस साठवलेलं वॉटर प्युरिफायरचं वाया जाणारं पाणी होतं. मग तेही थांबले बघायला. मनूने झारीने पाणी घातलं, बाबा आत खुर्ची टाकून टॉर्च घेऊन बसले. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, ‘‘उजव्या कोपऱ्यात शिवण गळतेय!’’ त्या आवाजात किती दिवसांनी हुरूप होता!

नव्या स्वस्त तंबूची शिवण गळणं ही फार मोठी भानगड नाही. शिवणीवर लावायचं सीलर मिळतं, कोरड्या तंबूला ब्रशने लावायचं आणि वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत बाबांनी ते काम संपवलं होतं. खाटेच्या पायांना जुन्या स्लिपरचे गोल तुकडे कापून बांधले होते, तळाला भोक पडू नये म्हणून. खाली अंथरायला ताडपत्री शोधून काढली होती. तीच, किल्ल्यांवरची. आणि ती तंबूपेक्षा चार बोटं आत राहील अशी दुमडून बघितली होती. ताडपत्री बाहेर डोकावली तर पावसाचं पाणी गोळा करून तंबूखाली आणते, हे मला कुठल्याच रिव्ह्यूत सापडलं नव्हतं.

आणि मग भंडारदरा

मेच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. मान्सूनच्या तोंडावर तिकडे काजवे असतात. जागा निवडताना नियम साधे: कोरड्या ओढ्याच्या पात्रात नाही, पाण्याच्या अगदी काठाला नाही, एकट्या झाडाखाली नाही. तंबू दुपारी उभारला तर त्याची भट्टी होते, शिवाय उन्हाने कापडही लवकर विरतं. पाचनंतर उभारा. आत शेगडी किंवा कोळसा कधीही नाही. धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. विजा सुरू झाल्या तर तंबूत थांबू नका, गाडीत बसा. तंबू पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. पुण्याच्याच आयआयटीएमने केलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलमध्ये ठेवा.

आणि खरं सांगू? वर्षातून एकदाच जाणार असाल तर विकत घेऊच नका. भाड्याने मिळतो, धुणं-वाळवणं त्यांच्या डोक्याला. तीन-चारदा जाणार असाल तरच पैसे घाला. आणि घेतलात तर घरी येऊन पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घालू नका. एका पावसाळ्यात बुरशी सगळं संपवते.

रात्री अकराला झाडावर काजवे लुकलुकायला लागले. टॉर्च बंद, मोबाइल बंद. मनू बाबांच्या हाताला धरून उभी होती, एकदम गप्प. दोनच्या सुमारास सर आली. मी खडबडून उठले, छताला हात लावला. कोरडं. कोपरा चाचपला. कोरडा. विजा नव्हत्या, वारा बेताचा. मधोमध खाटेवर बाबा होते. मला वाटलं जागे असतील, हात वर करून तंबू धरायच्या तयारीत.

बाबा चक्क घोरत होते.

अंधारात आईचा आवाज आला, ‘‘झोप आता. आणि पुढच्या वेळी छोटा कुकर घे बरोबर, वरणभात करू.’’

पुढच्या वेळी! साडेसात हजार वसूल, बॉस.