रीडिंग्ज न जुळणारी पेटी

सुरुवातीलाच एक कबुली देते. फर्स्ट इयरला फिजिक्सचं फोटोसेलचं प्रॅक्टिकल होतं. दिवा हळूहळू लांब न्यायचा, करंट मोजायचा आणि अंतर दुप्पट झालं की प्रकाश एक चतुर्थांश होतो, हे ग्राफवर दाखवायचं. माझे सगळे पॉइंट्स एका सरळ रेषेत आले. येणारच! कारण मी आधी रेषा मारली होती आणि मग तिच्यावर पॉइंट्स दिले होते. सरांनी 'व्हेरी गुड' लिहिलं आणि विषय संपला.

आज टीईला आल्यावर मला त्या 'व्हेरी गुड'ची लाज वाटते. ती वाटायला लावली एका प्लायवूडच्या पेटीनं. ही तिचीच गोष्ट आहे आणि तिच्या निमित्तानं आपल्या प्रॅक्टिकल्सबद्दलचं माझं मत.

झालं असं, की आमच्या फोटोग्राफी क्लबनं गॅदरिंगच्या प्रदर्शनाची निमंत्रणं 'सायनोटाइप' पद्धतीनं छापायची ठरवली. चाळीस निमंत्रणं, सगळी एकाच निळ्या छटेत. पद्धत ऐकायला सोपी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांची द्रावणं एकत्र करून कागदाला लावायची, कागद अंधारात वाळवायचा, वर निगेटिव्ह आणि काच ठेवून उन्हात धरायचा. उन्हातल्या अतिनील किरणांनी फेरिक लोहाचं फेरस लोह होतं आणि त्यातून 'प्रशियन ब्ल्यू' हा निळा रंग तयार होतो. मग कागद साध्या पाण्यात धुवायचा. जिथे किरण पोचले नाहीत तिथलं रसायन वाहून जातं, तिथे कागद पांढरा राहतो.

ही युक्ती जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रातल्या शेवाळांचं पुस्तक याच पद्धतीनं काढायला घेतलं. आणि आपण उठता-बसता जो 'ब्ल्यूप्रिंट' शब्द वापरतो, तोही इथलाच. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या प्रती कितीतरी वर्षं याच रसायनानं निघत होत्या. म्हणजे हा काही आर्ट्सवाल्यांचा छंद नाही, घरचाच मामला आहे!

पहिली दहा निमंत्रणं आम्ही होस्टेलच्या गच्चीवर उन्हात काढली. सकाळी अकराचं गडद, दुपारी चारचं फिकट, आणि मध्ये ढग आला त्याचा रंग धड इकडचा ना तिकडचा. एक प्रिंट काढायला ऊन छान आहे, फुकटही आहे. पण एकसारख्या चाळीस प्रती हव्या असतील तर सूर्य भरवशाचा नाही. मग मी आणि माझ्या प्रोजेक्ट पार्टनरनं ठरवलं, अतिनील प्रकाशाची पेटीच बनवू.

इथे पहिली चूक झाली. दुकानात जाऊन आम्ही 'यूव्ही ट्यूब' मागितली. दुकानदारानं पारदर्शक काचेची एक ट्यूब काढून दिली. 'ही चालेल ना?' विचारलं तर म्हणाला, 'यूव्ही म्हणजे यूव्हीच की!' आम्हालाही ते पटलं. दोघंही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, आणि पटलं! ट्यूब लावली, काचेखाली कागद ठेवला, पार्टनर झाकण उघडं ठेवून डोकावून बघत बसला. अर्ध्या तासानं कागद धुतला तर जवळजवळ पांढराच. आणि रात्री दोन वाजता पार्टनरच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. डोळे लाल, पाणी थांबेना, उजेड सहन होईना.

डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजलाय. दोन दिवसांत तो बरा झाला, पण ते दोन दिवस मी विसरणार नाही. कारण ट्यूब पसंत करण्यात माझाही हात होता.

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या डोक्यात 'अल्ट्राव्हायोलेट' हा एकच शब्द. या प्रकरणानंतर मराठी विश्वकोशात 'जंबुपार' शब्द दिसला. जांभळ्याच्या पलीकडचा! किती सुंदर शब्द. पण पलीकडे म्हणजे किती पलीकडे? गोम इथेच आहे. ३१५ ते ४०० नॅनोमीटर म्हणजे यूव्ही-ए. २८० ते ३१५ म्हणजे यूव्ही-बी. त्याखाली १०० पर्यंत यूव्ही-सी. आम्ही आणलेली ट्यूब जंतू मारायची होती, पाण्याच्या फिल्टरमध्ये असते तसली. तिचा मुख्य प्रकाश २५४ नॅनोमीटरचा, म्हणजे यूव्ही-सी. तो साध्या काचेतून आरपार जातच नाही, म्हणून आमचा कागद पांढरा राहिला. डोळ्यांवर मात्र काच नव्हती! म्हणजे जिथे काम करायला हवं तिथे शून्य आणि जिथे नको तिथे पूर्ण. २०२० मध्ये करोना आल्यावर असले जंतुनाशक दिवे घराघरांत पोचले. तुमच्याकडे एखादा पडून असेल तर कृपा करून प्रयोगाला काढू नका.

मग शहाण्यासारखं वाचून आम्ही किडे पकडायच्या मशीनमधल्या ट्यूब्ज आणल्या. त्यांचा प्रकाश ३६५ नॅनोमीटरच्या आसपास, सायनोटाइपला हवा तोच, आणि काचेतून बऱ्यापैकी जाणारा. दोन फुटी, १८ वॅटच्या सहा ट्यूब्ज शेजारी शेजारी बसवल्या. आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल, मागे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, सगळ्या धातूला अर्थिंग. आणि वर्कशॉपच्या मामांनी आग्रहानं बसवायला लावलेला एक स्विच. झाकण उघडलं की ट्यूब्ज बंद. यूव्ही-ए तेवढा घातक नसला तरी टक लावून बघायचाही नाही. मामा म्हणाले, 'डोळ्याला दिसत नाही ना, मग डोळ्यावर विश्वास नको. स्विच लाव.' एवढं नेमकं लेक्चर मी चार सेमिस्टर्समध्ये ऐकलं नव्हतं.

आता वेळ किती द्यायचा? इथे माझा तो प्रसिद्ध ग्राफ परत आला. ट्यूबपासून दहा सेंटीमीटरवर आठ मिनिटं लागत होती. मोठ्या काचेसाठी कागद वीस सेंटीमीटरवर न्यायचा होता. मी रुबाबात सांगितलं, 'अंतर दुप्पट म्हणजे वेळ चौपट. बत्तीस मिनिटं!' बत्तीस मिनिटांनी जो प्रिंट निघाला त्यात अक्षरंसुद्धा निळ्यात बुडाली होती. नंतर मोजलं तर खरा आकडा बारा मिनिटांच्या आसपास निघाला.

नियम चुकीचा नव्हता. चुकीची मी होते. तो नियम बिंदूएवढ्या दिव्यासाठी आहे. सहा ट्यूब्जची अख्खी चटई जवळ असली की थोडं मागे गेल्यानं प्रकाश तितका कमी होत नाही. पुस्तकात 'पॉइंट सोर्स' हे दोन शब्द असतात. फर्स्ट इयरला मी खरी रीडिंग्ज घेतली असती, दिवा फार जवळ आणल्यावर पॉइंट्स रेषा सोडतात हे पाहिलं असतं, तर ते दोन शब्द कशासाठी आहेत हे तेव्हाच कळलं असतं. पण मी रेषा आधी मारली होती ना!

शेवटी वेळ काढायची रीत शिकवली ती स्टेशनजवळच्या बोळात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांनी. स्क्रीन प्रिंटिंगची जाळी तयार करतानाही तिच्यावर लावलेला लेप असल्याच प्रकाशात कडक करतात. ते म्हणाले, 'हे बघ बाळ, एक पट्टी घ्यायची. वर पुठ्ठा धरायचा. दर दोन मिनिटांनी पुठ्ठा थोडा सरकवायचा. मग धुवायचं आणि बघायचं.' मी विचारलं, 'काका, एकदा टाइम काढला की कायमचा ना?' तर हसले. 'ट्यूब बदलली, कागद बदलला, की नवी पट्टी. जुन्या टायमावर जायचं नाही.' काकांना नॅनोमीटर माहीत नसेल. पण त्यांच्या भिंतीवर तारखा घातलेल्या पट्ट्यांचा जुडगा लटकत होता. माझ्या जर्नलपेक्षा तो जुडगा जास्त खरा होता.

आम्हीही तेच केलं. कोऱ्या ओएचपी फिल्मखाली पट्टी ठेवली आणि दोन, चार, सहा अशी सोळा मिनिटांपर्यंत गेलो. ज्या पायरीनंतर निळा रंग आणखी गडद होत नाही, तो आपला वेळ. पट्टी धुऊन पूर्ण वाळल्यावरच बघायची, कारण ओला निळा आणि वाळलेला निळा यात फरक असतो. दुसऱ्या दिवशी पट्टी वेगळी आली. ट्यूब्ज थंड होत्या. तेव्हापासून आधी पाच मिनिटं ट्यूब्ज पेटवून ठेवतो. कडेला रंग फिका यायचा, म्हणून कागद मधल्या भागातच ठेवतो. हे सगळं वहीत आहे, फसलेल्या पट्ट्यांसकट. चाळीस निमंत्रणं एका छटेत निघाली. खरं सांगते, अडतीस. दोन फसली.

आता मुद्द्यावर येते. या पेटीपुढे बसून रीडिंग्ज 'जुळवता' येत नाहीत. वहीत आठाचे दहा लिहिले तरी कागदाला फरक पडत नाही, तो धुतल्यावर खरं सांगतोच. आपल्या लॅबमधल्या बहुतेक प्रयोगांची उत्तरं मात्र आधीच माहीत असतात. सबमिशनच्या आठवड्यात तर आपण प्रयोग करतच नाही, प्रयोगाची कॉपी करतो. त्यातून सवय लागते ती लेबलवर विश्वास ठेवायची. दुकानदार म्हणाला यूव्ही, की यूव्ही. पुस्तक म्हणालं चौपट, की चौपट. या सवयीची किंमत माझ्या मित्राच्या डोळ्यांनी दोन दिवस मोजली. उद्या आपण पूल बांधू, लिफ्ट बसवू, तेव्हा ती कोण मोजणार?

काही जण म्हणतील, तयार पेटी विकत मिळते, मग खटाटोप कशाला? घ्या ना विकत! पण तिलाही पहिली पट्टी काढावीच लागते. काही जण म्हणतील, चुकलेली रीडिंग्ज लिहिली तर मार्क्स जातात. हे खरं आहे, आणि दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. म्हणून सर-मॅडमना एक विनंती. दर सेमिस्टरला एक तरी प्रयोग असा ठेवा, ज्याचं उत्तर तुम्हालाही आधी माहीत नसेल. आणि मार्क्स उत्तराला नको, आलेल्या रीडिंग्ज आल्या तशा लिहिण्याला द्या. मग बघा, लॅबमध्ये गर्दी होते की नाही!

पेटी आता मामांच्या ताब्यात आहे. सर्किट बोर्डावर फोटोरेझिस्ट लावून ट्रॅक्स छापायलाही ती चालते, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हक्कानं यावं. झाकणावर पार्टनरनं खडूनं लिहून ठेवलंय, 'आत बघू नये.' तुम्हीही या, पट्टी काढा. फक्त येताना सीनियरचं जर्नल आणू नका. त्यात तुमचा वेळ लिहिलेला नाही.