अंग फडफडते त्याचा शकुन पाहू नका

डोळा लवला की आपल्याकडे अजूनही विचारतात, उजवा की डावा? पुरुषाचा उजवा चांगला, बाईचा डावा. नेमाने मिस्साला येणाऱ्या घरांतही हे चालते, म्हणून लिहावे लागते. पापणी किंवा दंडाचे मांस आपोआप उडते ते बहुधा अपुरी झोप, अतिश्रम, फार चहा, तंबाखू यांमुळे. विश्रांतीने ते थांबते. मात्र उडणे महिनोन्महिने चालले, हात बारीक होऊ लागला, विळ्याची पकड सुटू लागली, तर डॉक्टरांना दाखवावेच.

आमची खरी काळजी फवारणीची आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधे कातडीतूनही अंगात शिरतात. मज्जातंतू स्नायूला हुकूम देताना ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सोडतो. काम झाले की शरीरातले एक एंझाइम ते नाहीसे करते. हे विष त्या एंझाइमलाच बांधून टाकते. हुकूम थांबत नाही, स्नायू उडत राहतात आणि शेवटी लुळे पडतात, श्वासाचेसुद्धा. जोडीला घाम, लाळ, उलट्या, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. याला ऊन लागले समजून माणसाला झाडाखाली निजवून ठेवतात! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली.

मजूर हातमोजे, मास्क घालत नाहीत, अशी तक्रार आम्ही ऐकतो. उकडते, हे खरे. पण किती बांधांवर ते दिलेले असतात? आमच्या मते ज्याचे रान, त्यानेच मोजे, साबण, पाणी आणि बदलायला कपडे द्यावेत. रोज चुकता केला म्हणजे ही जबाबदारी फिटली असे नाही. वाऱ्याच्या तोंडावर फवारायला तर कोणालाच लावू नये. उसाला टाकायचे थिमेट म्हणजे फोरेट; त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना पुडा माळ्यावर असला तरी तो वापरायचा नाही.

फवारताना अंग फडफडू लागले तर पंप तेथेच उतरवावा. कपडे काढून अंग साबणाने भरपूर धुवावे; धुणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी. दूध-तूप पाजू नये, ओकारी काढू नये. ॲट्रोपीनचे इंजेक्शन दवाखान्यातच मिळते, तेव्हा गाडी लगेच काढावी आणि औषधाचा डबा लेबलासकट बरोबर न्यावा.