लेकरांच्या ताटातलं अंडं परत द्या!

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी बसतो. दर बुधवारी खिचडीसोबत उकडलेलं अंडं मिळायचं, तेव्हा पहिलीतला एक पोरगा पांढरं आधी खायचा आणि पिवळा बलक मुठीत धरून शेवटपर्यंत राखायचा. आईबाप ऊसतोडीला, घरी आजी. आठवडाभरात त्याच्या वाट्याला तेवढंच अंडं यायचं.

ते अंडं नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनेच सुरू केलं. न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनेच त्याचा निधी बंद केला आणि वर सांगितलं, द्यायचंच असेल तर लोकसहभागातून पैसे उभे करा. कुठले लोक? ज्यांची चूल रोजगार हमीच्या मस्टरवर पेटते, त्यांच्या दारात मी वर्गणीची पावती फाडू? आणि एखाद्या दानशूराने महिनाभर अंडी दिली, तर पुढच्या महिन्याचं काय?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली आढळली. हीच मुलं पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. तमिळनाडूतल्या शाळांत आठवड्याचे पाचही दिवस अंडं मिळतं. आपल्याला एकही परवडेना?

पैसाच नाही म्हणावं, तर जुलै २०२४ पासून राज्याच्या लाडकी बहीण योजनेतून महिलांना महिना १,५०० रुपये सुरू झाले. ते मिळायलाच हवेत; आईच्या हातातल्या पैशातून वही येते, दूध येतं. पण त्याच पैशातून किराण्याची उधारी फिटते, म्हाताऱ्यांची औषधंही येतात. शाळेत शिजलेला घास मात्र थेट पोराच्या पोटात जातो. सर्वोच्च न्यायालयानेही २००१ मध्ये सरकारी शाळांत शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला. आईला दिलं म्हणून लेकराचं काढून घेता येत नाही. पण आईला मत आहे, सहा वर्षांच्या पोराला नाही, म्हणून कात्री आधी त्याच्या ताटावर चालते. ही निर्लज्ज वसुली आहे, आणि ती सर्वांत दुबळ्याकडून चालली आहे.

गेल्या बैठकीत वर्गणीचा विषय आला तेव्हा मी विरोध केला आणि इतिवृत्तात लिहून घेतलं: हे गाव अंड्यासाठी वर्गणी काढणार नाही, अंडं हा मुलांचा हक्क आहे, निधी सरकारने द्यावा. प्रत्येक समितीने हाच ठराव करून वर पाठवावा.