मंद दिव्याची शुभवार्ता

गेल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या नगरच्या घरी, ओसरीवर, टेम्पोतून एक अजब पाहुणा उतरला. माणसाएवढा उंच, अंगाने लाकडी, पोटाशी दोन दांडे आणि बटणांची रांग. सौभाग्यवतींनी विचारले, "हे कपाट आता ठेवायचे कुठे?" मी मात्र त्याला तत्क्षणी ओळखले. मुस्तफा!

चाळिशी गाठलेल्या वाचकांना अधिक सांगणे नलगे. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा खेळ काढला. एवढे लांबलचक नाव घेणार कोण? त्यातल्या एका टोपीवाल्या गड्याचे नाव मुस्तफा, म्हणून आमच्या पिढीने अवघ्या खेळाचेच बारसे करून टाकले. शाळेत असताना एकेका रुपयावर मी या गड्याला लढवले आहे आणि त्यापायी वडिलांचा मारही खाल्ला आहे.

पाहुणा आणला होता माझ्या भाच्याने. एका बंद पडलेल्या पार्लरमधून. सुट्टीभर कारखान्यात राबून साठवलेले सात हजार रुपये मोजून. दिवाळीत दहा रुपयांना एक डाव लावायचा आणि पुढच्या सत्राची फी उभी करायची, असा बेत. तिथे यंत्र चालते पाहूनच त्याने पैसे दिले होते. घरी बटण दाबले, पडदा क्षणभर उजळला, 'फट्' झाले आणि अमावास्या पसरली. आतून मारामारीचे आवाज मात्र बिनदिक्कत चालू!

"मामा, आवाज येतोय म्हणजे खेळाची पाटी शाबूत आहे. मॉनिटरचा फ्यूज उडालाय. तार गुंडाळतो."

फ्यूजला तार गुंडाळणे हा तर आपला राष्ट्रीय उपचार! मी 'गुंडाळ' म्हणणारच होतो. पण तो काचेच्या नळीमागे हात घालू लागला आणि मला झेंडीगेटचे चाचा आठवले. १९८२ साली आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हापासून त्यांचे हात या पेट्यांतच. सपाट पडदे आले आणि त्यांच्या दुकानाचे शटर अर्धे उतरले, ते उतरलेच.

चाचा पिशवी घेऊन आले आणि प्रथम ओरडले, "हात मागे घे, बेटा!"

"प्लग काढलाय की, चाचा."

"प्लग काढला म्हणजे नळी रिकामी झाली होय?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या पात्याला तार बांधली, तिचे दुसरे टोक नळीवरच्या अर्थिंगच्या वेणीला जोडले आणि डावा हात खिशात घालून पाते रबरी टोपीखाली सरकवले. टक्! निळी ठिणगी उडाली. वीस हजारांहून अधिक व्होल्टवर चालणारी ही काच, वीज बंद झाल्यावरही तिच्यात भार दडून राहतो. भाच्याचा चेहरा पांढरा पडला. माझा तर आधीच पडला होता.

फ्यूजची काच आतून काळी झाली होती. चाचा म्हणाले, "फ्यूज आपणहून मरत नाही, सर. कुणासाठी तरी मरतो. तार घातली असती तर त्याच्या जागी दुसरेच काही जळाले असते."

मग त्यांनी शंभर वॅटचा जुना दिवा फ्यूजच्या जागी जोडला. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो. नसेल तर क्षणभर पेटून मंदावतो. आमचा दिवा लख्ख पेटला. दरवेळी प्लग काढून, भार उतरवून, चाचा एकेक भाग वेगळा करू लागले. रंगांचे डाग घालवणारे, पडद्याभोवतीचे तारेचे वेटोळे सोडवले; दिवा लख्खच. मग आडव्या रेषा ओढणारा ट्रान्झिस्टर काढला. सेकंदाला पंधरा हजारांवर रेषा ओढणारा हा हमाल. दिवा पेटला आणि मंदावला.

"हा मेला. पण का मेला ते पाहू."

त्याला हुकूम देणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या पायाभोवती, डाखात, केसाएवढी गोल भेग होती. ड्राय सोल्डर! टेम्पोच्या हादऱ्यांनी तिचे काम पुरे केले होते. नुसता ट्रान्झिस्टर बदलला असता तर तोही गेला असता. चाचांनी भेगेवर नवा डाख दिला, पिशवीतला ट्रान्झिस्टर बसवला, दिवा जोडून पाहिला आणि मग योग्य मापाचा फ्यूज घातला. नळीच्या मानेत तांबूस उजेड दिसला. मुस्तफा उभा राहिला!

वर्गात मी वर्षानुवर्षे अन्वय शिकवतो. वाक्य अडले की पदे सुटी करा, कुठे अडते ते पाहा, असे सांगतो. पण घरात वाक्य अडले तेव्हा मी तार गुंडाळायला निघालो होतो, आणि तीही दुसऱ्याच्या मुलाच्या हातून. बहिणीला मी काय तोंड दाखवले असते, हा विचार आजही झोप उडवतो.

सुट्टीत साडेचार हजार जमले. उरलेली फी मी भरली. भाचा आता रविवारी चाचांच्या दुकानात बसतो. शटर अजून अर्धेच आहे, पण त्याखाली दोन जोडी चपला दिसतात.

दिवाळीत आपण लख्ख दिव्यांचे कौतुक करतो. करावेच. पण मला त्या दिवसापासून एका मंदावलेल्या दिव्याचेही अगत्य वाटू लागले आहे. घरातला फ्यूज उडाला, तर तार शोधण्याआधी, वाचकहो, तो कुणासाठी मेला एवढे विचारा.