जुनी गाडी आणि चारही चाकांची पारख



गेल्या वर्षीची गोष्ट. अक्षय्य तृतीया होऊन आठ दिवस झाले असतील. कळवणहून माझा भाचा आला आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपताच त्याने विषय काढला, "मामा, पाऊस लागण्यापूर्वी मला फोर बाय फोर गाडी हवी आहे. जुनी चालेल, पण सहा लाखांच्या पुढे मला जाता येणार नाही. तुम्ही पाहून द्या."

त्याचा व्यवसाय ठिबक सिंचनाच्या साहित्याचा. सुरगाण्याकडील पाड्यांवर भर पावसातही माल पोहोचवावा लागतो. आदल्या श्रावणात एका चढावर त्याची साधी गाडी चिखलात रुतली, अंधार पडला, आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत तीन तास गेले. त्या वेळी माझी बहीणही गाडीत होती. त्यामुळे ही मागणी हौसेची नव्हती, हे मला ठाऊक होते.

गरज आधी, गाडी नंतर

तरीही मी त्याला प्रथम हेच विचारले, की वर्षातून किती दिवस चारही चाकांची ओढ लागेल? कारण या यंत्रणेविषयी एक गैरसमज रूढ आहे. इंजिनाची शक्ती चारही चाकांना मिळाली, की चिखलातून, रेतीतून, निसरड्या चढावरून गाडी निघते, हे खरे. परंतु ब्रेक दाबल्यावर गाडी थांबवण्यात तिचा काहीही उपयोग नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. कसारा घाटात पावसाळी उतारावर तुम्हांला वाचवतात ते चांगले टायर आणि आवरलेला वेग. ज्यांचा प्रवास नाशिक ते मुंबई, किंवा दर्शनासाठी मांगीतुंगीच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्त्यानेच होतो, त्यांनी साधी गाडी घ्यावी आणि उरलेले पैसे उत्तम टायरांवर खर्च करावेत. चार चाकांच्या गाडीत ट्रान्सफर केस किंवा कपलिंग, जास्तीचे डिफरन्शियल आणि जास्तीचे शाफ्ट असतात. वजन वाढते, इंधन अधिक लागते, दुरुस्तीची ठिकाणे वाढतात. भाच्याचे उत्तर होते, वर्षातून शंभर दिवस. मग मी पुढे सरलो.

दोन निराळे प्रकार

आपल्याकडच्या जुन्या बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला म्हणजे स्कॉर्पिओ, थार, जिप्सी यांचा. गाडी एरवी मागच्या चाकांवर चालते. गरज पडेल तेव्हा चालकाने पुढची चाके जोडायची. सोबत अतिशय सावकाश, पण जोरात ओढणारा 'लो' गिअर मिळतो. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून गाडी चालवू नये. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत आणि तो ताण सगळा यंत्रणेवर येतो.

दुसरा प्रकार डस्टर किंवा एक्सयूव्ही ५०० यांच्या ऑल व्हील ड्राइव्हचा. येथे गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि ती घसरू लागली, की यंत्रणा आपोआप मागच्या चाकांना शक्ती देते. डस्टरचे असे रूप आपल्याकडे २०१४ मध्ये आले. रस्त्यावर ही गाडी अधिक सुखाची. पण तिला 'लो' गिअर नाही. तिच्या डिझेल इंजिनाचा टायमिंग बेल्ट मुदतीत बदलला आहे का, हे पावतीवरूनच पाहावे. तो तुटला, तर इंजिनाचेच काम निघते.

नाशिककरांना एक सोय आहे. स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली, ती आपल्याच शहरात तयार होऊन. त्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिची नस ओळखणारे मिस्त्री येथे सहज सापडतात. मर्यादित पैशांत गाडी घेणाऱ्याने ही गोष्ट मोठी मानावी.

पाहायचे काय?

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी यावे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खात आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधी फेस दिसला, तर पाणी तेलात मिसळत असण्याचा संभव असतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ पुष्कळदा तेथे राहून जातो.

चार चाकांची परीक्षा निराळी. मोकळ्या मातीच्या जागेत चारही चाके जोडून दाखवायला सांगावे. नुसता दिवा लागला म्हणजे चाके फिरली असे नाही. 'लो' गिअर टाकून चढ चढवावा. गाडीखाली वाकून ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलभोवती तेलाचा ओघळ आहे का ते पाहावे. या तिन्हींचे तेल वेळेवर बदलावे लागते आणि नेमका याचाच बहुतेकांना विसर पडतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढून 'कट्-कट्' आवाज आला, तर शाफ्टचा सांधा झिजला आहे. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले असावेत. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर म्हणजे कपलिंगवर सततचा भार.

एक युक्ती व्यापाऱ्याच्या उपयोगाची आहे. विक्रेत्याची विमा पॉलिसी मागावी. तिच्यावरची 'नो क्लेम' सवलत ५० टक्के असेल, तर सलग पाच वर्षे दावा झालेला नाही, असे बहुधा धरता येते. ही सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. म्हणून ती तुम्हांला मिळणार नाही. पण साक्ष मिळते.

कागद म्हणजे अर्धी गाडी

आम्ही पाहिलेली पहिली गाडी दिल्लीची, दिसायला नव्यासारखी आणि भावाने स्वस्त. तेथे दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर हरित लवादाच्या २०१५ मधील आदेशापासून टांगती तलवार आली आणि अशा गाड्या इतर राज्यांत येऊ लागल्या. त्यात गैर काही नाही. पण तेथील आरटीओची एनओसी, महाराष्ट्रात भरावा लागणारा कर आणि नवे पासिंग हे सारे किमतीत मिळवून पाहावे. मिळवल्यावर ती स्वस्ताई उरली नाही.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलान थकले आहे का, चेसिस क्रमांक कागदाशी जुळतो का, हे पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तिची किती वर्षे उरली, तेही पाहावे. विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की हस्तांतर १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. नुसत्या सह्या करून किल्ली देऊन मोकळे होता येत नाही.

एक जुनी पावती

भाचा "तुम्ही पाहून द्या" म्हणाला, तेव्हा मी थोडा अस्वस्थ झालो होतो. बारा वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून जुनी गाडी घेतली. मीटरवर ४८ हजार किलोमीटर होते. सहा महिन्यांनी सीटखाली सर्व्हिसिंगची एक चुरगळलेली पावती सापडली. दोन वर्षांपूर्वीची, आणि तिच्यावर आकडा ९१ हजारांचा! मी फसलो होतो. वर्षभराने मी ती गाडी विकली. घेणाऱ्याने मीटरविषयी विचारले नाही आणि मी पावती दाखवली नाही.

खोटे माप देणे आणि हिणकस माल अस्सल म्हणून खपवणे यांना आपल्याकडे अचौर्य अणुव्रताचे अतिचार मानले आहे. दुकानातील तागडीबाबत मी आयुष्यभर काटेकोर राहिलो. मीटर हीदेखील एक तागडीच आहे, हे मला तेव्हा सुचले नाही. किंवा मी सुचू दिले नाही.

दुसरी गाडी होती चकचकीत ऑल व्हील ड्राइव्ह. पण तिचे टायर दोन जातींचे, आणि दोन्ही सकाळी इंजिन आधीच गरम. तिसरी दिंडोरी रस्त्यावरील एका निवृत्त गृहस्थांची स्कॉर्पिओ. दारावर ओरखडे, मीटरवर १ लाख १२ हजार. त्यांनी पावत्यांची फाईल पुढे ठेवली आणि आम्ही विचारण्याआधीच सांगितले, "मागच्या डिफरन्शियलच्या सीलमधून तेल झिरपते. दोन टायर लवकरच बदलावे लागतील. एसी दुपारी कमी पडतो." आमच्या मिस्त्रीने गाडीखाली जाऊन पाहिले, याहून अधिक काही निघाले नाही. वणीमार्गे नांदुरीचा घाट चढून आलो आणि ४ लाख ८० हजारांना व्यवहार ठरला. सील, तेले, चारही टायर, विमा आणि नावावर करणे यांत ८५ हजार गेले. सहा लाखांचे धोरण असेल, तर गाडी पाच लाखांच्या आतच शोधावी, ती यासाठी.

पावसाळा सुखरूप पार पडला. एकदा ओढ्याला पूर होता, तेव्हा भाचा मुकाट्याने मागे फिरला. फोर बाय फोर चिखलासाठी असते, वाहत्या पाण्यासाठी नव्हे, एवढे त्याला उमगले याचा मला अधिक आनंद झाला.

त्या गृहस्थांचे बोलणे मात्र माझ्या मनातून जाईना. क्षमापनेच्या दिवशी मी जुन्या वहीतून माझ्या गाडीच्या गिऱ्हाइकाचा क्रमांक काढला, फोन केला आणि पावतीची हकीकत सांगितली. ते क्षणभर थांबून म्हणाले, "शेठ, ते मला दुसऱ्याच महिन्यात मिस्त्रीने सांगितले होते." त्यांचे किती नुकसान झाले, हे मी विचारले. त्यांनी दोन दिवसांनी हिशेब करून सांगितला. तेवढी रक्कम मी पोहोचती केली.

वाचकहो, आपण गाडी घेताना वरील सर्व तपासा. आणि आपली गाडी विकायला काढाल, तेव्हा तिच्या दोषांची यादी एका कागदावर लिहून, खाली सही करून, किल्लीबरोबर द्या. किंमत दहा-पंधरा हजारांनी उतरेल. ती उतरू द्या.

पुढील अंकी मोटार विम्यातील बारकाव्यांविषयी.