पेटाफ्लॉप मोजले, पण वेळ कुठे गेला?

26 सप्टेंबर 2024 रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन 'परम रुद्र' महासंगणकांचे लोकार्पण झाले. सुमारे 130 कोटी रुपये खर्चून देशातच उभारलेल्या या यंत्रांचा अभिमान रास्तच आहे. परंतु महासंगणकाची बातमी आली की आपण एवढेच विचारतो, यंत्र किती पेटाफ्लॉपचे? त्यावरील संशोधनाचा वेळ प्रत्यक्षात कशात खर्च होतो, हे विचारायचे राहूनच जाते.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत 8192 प्रोसेसरांच्या 'अ‍ॅस्की क्यू' या महासंगणकावर भौतिकीची एक आज्ञावली अपेक्षेच्या जेमतेम निम्म्या वेगाने चालत होती. 2003 साली तेथील संशोधकांनी कारण दाखवून दिले. ऑपरेटिंग सिस्टिमची पार्श्वभूमीतील किरकोळ कामे एखाद्या प्रोसेसरला क्षणभर अडवत आणि उरलेले हजारो त्याच्यासाठी खोळंबत. हा अडथळा दूर होताच वेग दुप्पट झाला. एकही नवा प्रोसेसर विकत घ्यावा लागला नाही.

जगातील अव्वल 500 महासंगणक 2017 पासून लिनक्सवरच चालतात, आणि लिनक्सच्या कर्नेलमध्ये 2008 पासून 'एफट्रेस' ही मागोवा घेणारी यंत्रणा अंतर्भूत आहे. स्टीव्हन रोस्टेड यांचे 'ट्रेस-सीएमडी' हे साधन तिचा लगाम आपल्या हाती देते. 'रेकॉर्ड' ही आज्ञा दिली की कोणत्या क्षणी कोणते काम प्रोसेसरवरून उतरले आणि कोणते चढले, याची मायक्रोसेकंदांपर्यंत नोंद होते. 'रिपोर्ट' म्हटले की ती वाचता येते. हे सारे मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचा खर्च शून्य.

अडचण अधिकाराची आहे. या नोंदीसाठी सहसा रूट अधिकार लागतो आणि सामायिक यंत्रावर तो सामान्य संशोधकाला मिळत नाही. सुरक्षेची ही हरकत खोटी नाही, कारण कर्नेलची नोंद इतरांची कामेही उघडी पाडू शकते. पण म्हणून मोजमापच नको, हा निष्कर्ष चुकीचा आहे. एकाच कामासाठी राखलेल्या नोडवर व्यवस्थापकाने दहा सेकंदांची नोंद घ्यावी आणि फाइल संशोधकाला द्यावी. अधिकार व्यवस्थापकाकडेच राहील. नोंद घेताना यंत्र किंचित मंदावते, हे खरे. म्हणूनच दहा सेकंद पुरेत.

अंशांकन न केलेल्या उपकरणाचे वाचन आपण प्रयोगशाळेत स्वीकारत नाही. महासंगणक हेही उपकरणच आहे. तेव्हा राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या प्रत्येक केंद्राने ही सोय नियमाने द्यावी आणि पेटाफ्लॉपच्या आकड्याशेजारी वाया गेलेल्या वेळेचा आकडाही जाहीर करावा. पैसा जनतेचा आहे. दुसरा आकडा पाहण्याचा हक्कही तिचाच आहे.